मोंतोनेची चढण

उंबेर्तिदे गाव मागे टाकून टायबर नदीच्या काठाने उत्तरेकडे निघालं, की उजव्या हाताला कार्पिना नावाचा ओढा नदीला येऊन मिळतो. त्या खोऱ्याच्या वर एकमेकींना खेटून दोन टेकड्या आहेत. टेकड्यांभोवती तट, तटाच्या आत दगडी घरं, घरांच्या वर एक-दोन घंटाघरं. हे मोंतोने. इटलीच्या उम्ब्रिया प्रांतातलं, पेरुजा जिल्ह्यातलं, समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरला थोडं कमी उंचीवरचं गाव. आसपासची वाडी-वस्ती धरली तरी माणसं दीड-दोन हजारांच्या पुढे जात नाहीत. परदेशी प्रवाशांची गर्दी असिसीला जाते, पेरुजाला जाते, आणि पुढे फ्लोरेन्सकडे वळते. मोंतोनेची वाट त्यामानाने मोकळी असते.

मराठी माणसाने मात्र ही चढण चढावी असं मला फार वाटतं. १० जुलै १९४४ या दिवशी याच खोऱ्याच्या उंचवट्यांवर नाईक यशवंत घाडगे लढता लढता पडले. व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेला माणगावचा हा शिपाई आपल्याला नावाने ठाऊक आहे. पण तो कुठे पडला असं विचारलं तर ‘इटलीत’ एवढंच उत्तर येतं. पराक्रमाच्या गोष्टीतून जागा गळून गेली, की उरतो तो भिंतीवरचा फोटो आणि त्याला वर्षातून एकदा घातलेला हार. त्या दिवशी काय घडलं हे समजून घ्यायचं असेल तर आधी हा डोंगर पायाखालून घालायला हवा. आणि या डोंगरावर चालायला लागलं की माणूस आपोआप सहाशे वर्षं मागे जातो, कारण इथल्या दगडादगडावर आणखी एका शिपाईगड्याचं नाव आहे.

गाडी खालीच ठेवून वर चालत जावं. तटाबाहेर सान ग्रेगोरिओचं जुनं चर्च लागतं. अकराव्या शतकातलं, बैठं, जाड भिंतींचं. गाव वर तटात जाऊन बसलं तरी त्याचं मूळ देऊळ खाली राहिलं, असं आपल्याकडच्या किल्ल्यांच्या पायथ्याशीही दिसतं. तिथून रस्ता वळणं घेत तटाला भिडतो. गावाला तीन वेशी आहेत: बोर्गो, मोन्ते आणि व्हेर्झिएरे. त्याच नावांचे तीन मोहल्ले आहेत आणि दर ऑगस्टमध्ये त्यांच्यात चुरस लागते, त्याबद्दल पुढे. वेशीतून आत शिरलं की गल्ली लगेच अरुंद होते. दोन माणसं बाजूबाजूने चालली तर तिसऱ्याने थांबावं. पायऱ्या, कमानी, पुन्हा पायऱ्या. मध्येच दोन घरांच्या फटीतून खालचं खोरं दिसतं आणि लक्षात येतं की आपण ज्या रस्त्याने आलो तो सगळाच्या सगळा इथून दिसत होता. उंबेर्तिदेहून कोणी निघालं तर ते मोंतोनेला पोहोचण्याआधी कितीतरी वेळ मोंतोनेला माहीत असायचं. गाव इथे का वसलं याचं उत्तर त्या फटीत आहे.

दोन टेकड्यांच्या मधल्या खोलगट जागेत मुख्य चौक आहे. त्याचं नाव फोर्तेब्राच्चो चौक. ज्या घराण्याचं हे नाव, त्यातला सगळ्यात गाजलेला पुरुष आंद्रेआ फोर्तेब्राच्ची. इतिहासात तो ‘ब्राच्चो दा मोंतोने’, म्हणजे मोंतोनेचा ब्राच्चो, म्हणून ओळखला जातो.

ब्राच्चोचा जन्म १३६८ सालचा. घराणं पेरुजाच्या सरदारांपैकी, मोंतोने ही त्यांची जहागीर. त्या काळात इटली नावाचं एक राज्य नव्हतं. पोप, नेपल्सचा राजा, मिलान, फ्लोरेन्स, व्हेनिस आणि त्यांच्या मधल्या फटींत पन्नास लहानमोठी शहरं. प्रत्येक शहरात पुन्हा दोन तट: एक सरदारांचा, एक व्यापारी-कारागिरांचा. १३९३ मध्ये पेरुजात सरदारांचा पाडाव झाला आणि फोर्तेब्राच्ची घराण्याला देशोधडीला लागावं लागलं. तरुण ब्राच्चोला खाली उंबेर्तिदेच्या किल्ल्यात (तेव्हा त्या गावाला फ्रात्ता म्हणत) कैदेत ठेवलं होतं आणि सुटकेची किंमत म्हणून मोंतोने सोडून द्यावं लागलं, असं तिथला इतिहास सांगतो. ज्या गावाचं नाव पुढे त्याच्या नावाला कायमचं चिकटलं, ते गाव त्याने आयुष्याच्या सुरुवातीलाच गमावलं होतं.

मग त्याने तलवार भाड्याने द्यायला सुरुवात केली. त्या काळच्या इटलीत हा राजमान्य धंदा होता. फौज बाळगणारा सरदार एखाद्या शहराशी करार करायचा: इतके स्वार, इतके महिने, इतका पैसा. मुदत संपली की तो उद्या समोरच्या बाजूनेही उभा राहू शकत होता. अशा सरदारांमधला आल्बेरिको दा बार्बियानो हा मोठा उस्ताद, आणि त्याच्या तालमीत ब्राच्चोबरोबर आणखी एक जवान तयार होत होता: मूत्सिओ आत्तेंदोलो, टोपणनाव स्फोर्झा. दोघं आधी जिवलग, नंतर हाडवैरी. त्यांच्या नावाने इटलीत लढाईच्या दोन पद्धती रूढ झाल्या. स्फोर्झा सगळी फौज एकवटून एकदम लोटायचा. ब्राच्चो आपल्या स्वारांच्या लहान तुकड्या करायचा. एक तुकडी भिडायची, दमली की मागे यायची, ताज्या दमाची दुसरी पुढे जायची. शत्रूला उसंत नाही, आपल्या माणसाला मात्र श्वास घ्यायला जागा. डोक्यावर झालेल्या वाराने ब्राच्चो लंगडत चालायचा, पण घोड्यावर बसला की ते जाणवत नसे.

१२ जुलै १४१६ रोजी पेरुजाजवळ सांत’एजिदिओच्या मैदानात त्याची कार्लो मालातेस्ताशी गाठ पडली. उम्ब्रियातला जुलै म्हणजे आपला वैशाख. लोखंडी चिलखतात तासन्‌तास लढणाऱ्या माणसाला शत्रूआधी ऊन मारतं. ब्राच्चोने लढाईआधीच आपल्या फळीमागे पाण्याची तजवीज करून ठेवली होती. मागे येणारी प्रत्येक तुकडी पाणी पिऊन, घोड्याला पाजून पुन्हा पुढे जात होती. मालातेस्ताची माणसं दुपारपर्यंत तहानेने कासावीस झाली, फळी विस्कटली आणि मालातेस्ता स्वतः कैद झाला. पेरुजाने दरवाजे उघडले. ज्या शहराने तेवीस वर्षांपूर्वी हाकललं, त्याच शहराचा तो धनी झाला. आज पेरुजाचा विमानतळ सांत’एजिदिओला आहे, त्यामुळे विमानाने उम्ब्रियात येणारा प्रवासी ब्राच्चोच्याच शिवारात उतरतो.

त्याच्या लढायांबद्दल खूप लिहिलं गेलंय. मला त्याचं दुसरं एक काम जास्त भावतं. पेरुजाच्या पश्चिमेला त्रासिमेनो नावाचं विस्तीर्ण, उथळ सरोवर आहे. पाणी चढलं की काठची शेतं बुडायची. ब्राच्चोने १४२० नंतर डोंगराच्या पोटातून बोगदा खणून जादा पाण्याला वाट काढून दिली. हाताशी फौज रिकामी असताना आणि पुढची मोहीम खुणावत असताना ज्याला शेतकऱ्याच्या बुडणाऱ्या बांधाची आठवण राहते, त्याला नुसता लुटारू म्हणून निकालात काढता येत नाही. पोपच्या बाजूच्या लेखकांनी त्याला तसंच रंगवलं, हे खरं. कारण त्याने पोपची फारशी पत्रास ठेवली नव्हती. १४१७ मध्ये तर तो थेट रोममध्ये शिरला आणि जवळजवळ सत्तर दिवस ते शहर त्याच्या ताब्यात होतं.

शेवट लाक्विला इथे झाला. नेपल्सच्या गादीच्या भांडणात त्याने आरागोनच्या अल्फोन्सोची बाजू धरली आणि आब्रुत्सो डोंगरातल्या या शहराला वेढा घातला. वेढा वर्षाहून जास्त चालला. दरम्यान जानेवारी १४२४ मध्ये स्फोर्झा पेस्कारा नदी ओलांडताना आपल्या एका बुडत्या माणसाला वाचवायला गेला आणि स्वतःच बुडाला. २ जूनला नेपल्स आणि पोपची एकत्र फौज याकोपो काल्दोराच्या हाताखाली डोंगर उतरून आली. स्फोर्झाचा मुलगा फ्रांचेस्को त्यात होता. इथे ब्राच्चोने जे केलं त्याचं नवल आजही वाटतं. डोंगरावरच्या वाटा त्याच्या हातात होत्या. तिथे थोडी माणसं ठेवली असती तरी शत्रूला खाली उतरणं मुश्कील झालं असतं. त्याने त्यांना उतरू दिलं. मैदानात गाठून एकाच दिवसात निकाल लावायचा, हा त्याचा हिशेब. तो चुकला. वेढ्यावर पहारा देणारी तुकडी जागा सोडून लढाईत उतरली, शहराचे लोक दरवाजे उघडून बाहेर आले आणि त्याच्या पाठीवर तुटून पडले. जखमी ब्राच्चोने अन्नपाणी आणि बोलणं तिन्ही सोडलं आणि तीन दिवसांनी प्राण सोडला. धर्मबहिष्कृत म्हणून पोप पाचव्या मार्टिनने त्याला रोममध्ये पवित्र न केलेल्या जमिनीत पुरायला लावलं. काही वर्षांनी पुतण्याने अस्थी पेरुजाला आणल्या.

उंचावर जन्मलेला माणूस उंची हातची सोडून मेला. मोंतोनेच्या चौकात उभं राहिल्यावर ही गोष्ट वाचण्यापेक्षा जास्त टोचते.

चौकातून एका टेकडीवर गेलं की सान फ्रांचेस्कोचं चर्च आणि मठ लागतो. आता तिथे गावाचं संग्रहालय आहे. चर्च चौदाव्या शतकातलं, एकाच लांबलचक दालनाचं. गाभाऱ्याकडच्या भिंतीवर आंतोनिओ आल्बेर्ती या फेराराच्या चित्रकाराने ब्राच्चोच्या काळात रंगवलेली चित्रं आहेत. बरीच पुसट झालीत, तरी चेहरे ओळखू येतात. पण इथे थांबायचं ते एका निशाणापाशी. पेरुजाचा चित्रकार बार्तोलोमेओ कापोराली याने १४८२ मध्ये ते रंगवलं. प्लेगची साथ आली की गावकरी असं निशाण घेऊन मिरवणुकीने फिरायचे. मध्ये मेरी उभी आहे, तिने आपला झगा दोन्ही बाजूंना पसरलाय आणि झग्याखाली माणसं दाटीवाटीने आसऱ्याला आली आहेत. खालच्या बाजूला खुद्द मोंतोने आहे: तट, छपरं, टेकडी. चित्रकाराने स्वर्ग रंगवताना गावाचा नकाशा सोडला नाही. घाबरलेल्या लोकांना आपलं घर त्या झग्याखाली आहे की नाही हे बघायचं असणार, आणि त्याने ते त्यांना दाखवलं. याच संग्रहालयात तेराव्या शतकातला लाकडी मूर्तींचा एक संच आहे, येशूला क्रूसावरून उतरवतानाचा. खालच्या सान ग्रेगोरिओ चर्चमधून तो वर आणलाय. घाईत असाल तर चित्रं सोडा, पण हे दोन बघा.

दुसऱ्या टेकडीवर ब्राच्चोचा बालेकिल्ला होता. आता अवशेषच उरलेत, आणि ते कोणामुळे याचीही गोष्ट आहे. ब्राच्चोचा मुलगा कार्लो बापासारखाच भाडोत्री सरदार. त्याने व्हेनिसची चाकरी केली. येशूच्या काटेरी मुकुटातला म्हणून पुजला जाणारा एक काटा त्याने १४७३ मध्ये मोंतोनेला आणला. हा काटा गुड फ्रायडेला फुलतो अशी श्रद्धा होती. ऑगस्टमधला तीन मोहल्ल्यांचा उत्सव त्याच प्रसंगाचा: मध्ययुगीन पोशाख, धनुर्विद्येच्या चढाओढी, आणि जिंकणाऱ्या मोहल्ल्याला मिरवणुकीत मान. काटा आणणाऱ्या याच कार्लोने पुढे बापाची पेरुजा परत मिळवायचा घाट घातला. पोप चौथ्या सिक्स्टसने उर्बिनोच्या फेदेरिको दा मोंतेफेल्त्रोला मोंतोनेवर धाडलं. कार्लो दूर होता. त्याच्या बायकोने, मार्गेरिता मालातेस्ताने, गाव लढवलं. ती मालातेस्ता घराण्यातली, म्हणजे सांत’एजिदिओला तिच्या सासऱ्याने ज्यांना धूळ चारली त्याच घराण्यातली. १४७७ मध्ये गाव पडलं आणि पोपच्या हुकमाने बालेकिल्ला जमीनदोस्त झाला. त्यानंतर मोंतोनेच्या इतिहासात फार मोठं काही घडलं नाही. पोपच्या राज्यातलं एक खेडं म्हणून ते निवांत राहिलं, आणि जुना तट, जुन्या गल्ल्या तशाच टिकल्या त्या बहुतेक याच निवांतपणामुळे.

मधली शतकं मी भरभर ओलांडतो, पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. तटावरून खाली दिसणारी ती सुबक शेतं, ऑलिव्हच्या रांगा, द्राक्षांचे मांडव, मध्ये मध्ये एकटी दगडी घरं हे सगळं ज्यांनी घडवलं त्यांची ती जमीन नव्हती. उम्ब्रियातला शेतकरी अर्धेलीने कसायचा. जमीन मालकाची, घर मालकाचं. राबणारं सगळं कुटुंब. पिकाचा अर्धा वाटा मालकाच्या वाड्यावर पोहोचवायचा. १९४४ साली हीच रीत चालू होती. कायद्याने नवे करार बंद झाले ते १९६४ मध्ये. आता त्याच वेळचा आपला कुलाबा जिल्हा डोळ्यांपुढे आणा. तिथे खोती होती. अर्धेल, तिर्धेल हे शब्द तिथल्या कुळांच्या तोंडी रोजचे. अलिबागजवळ चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या मागे उभं राहून खोतांविरुद्ध संप केला तो १९३३ ते १९३९ असा वर्षानुवर्षं चालला. खोती रद्द करणारा कायदा व्हायला १९४९ उजाडलं. त्या जिल्ह्यातल्या पोरांनी पलटणीत भरती होण्यामागे शौर्याची परंपरा होती तशीच पोटाची आगही होती. पलटणीतला पगार खोताला वाटून द्यावा लागत नसे.

यशवंत घाडगे त्याच कुलाबा जिल्ह्यातले, माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे. जन्म १६ नोव्हेंबर १९२१. पलटण ३/५ मराठा लाइट इन्फंट्री. ही जुनी, १९२२ पूर्वी ‘११० मराठा’ म्हणून ओळखली जाणारी पलटण. दुसऱ्या महायुद्धात १९४१ साली ती पूर्व आफ्रिकेत केरनच्या उघड्याबोडक्या डोंगरांवर लढली होती. १९४४ मध्ये ती इटलीत मेजर जनरल डेनिस रीड यांच्या १० व्या भारतीय डिव्हिजनमध्ये होती.

त्या उन्हाळ्याची स्थिती अशी होती. ४ जूनला रोम पडलं, २० जूनला पेरुजा. जर्मन सेनापती केसेलरिंग मागे हटत होता, पण पळत नव्हता. उत्तरेला एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत त्याची ‘गॉथिक लाइन’ नावाची संरक्षणफळी बांधून पुरी व्हायची होती आणि त्यासाठी त्याला दिवस हवे होते. एकेक टेकडी धरायची, दोन-तीन दिवस झुंजवायचं, रात्री उठून मागच्या टेकडीवर जायचं, असा त्याचा खाक्या. वरचं टायबर खोरं या डावपेचाला हवं तसं मिळालं. खोऱ्याच्या तळाशी नदी आणि एकच धड रस्ता: उंबेर्तिदे, चित्ता दि कास्तेल्लो, पुढे सान्सेपोल्क्रो. दोन्ही अंगांना डोंगर. रस्त्यावरून पुढे जाणारा मोंतोनेच्या तटावरून जसा दिसतो तसाच तो प्रत्येक सोंडेवरच्या मशीनगनला दिसत होता. त्यामुळे रस्त्याने जाणं शक्यच नव्हतं. आधी डोंगर घ्यायचे, मग रस्ता आपोआप मोकळा होतो. भारतीय पलटणी सोंडेसोंडेने वर सरकल्या. दारूगोळा, पाणी, शिधा खेचरांच्या पाठीवर. जखमी स्ट्रेचरवरून त्याच वाटेने खाली. केरन पाहिलेल्या, सह्याद्रीत वाढलेल्या माणसांना अशी चढण नवी नव्हती.

गावांचे हाल आधीच सुरू झाले होते. २५ एप्रिलला टायबरवरचा पूल उडवायला आलेल्या दोस्तांच्या विमानांचे बॉम्ब उंबेर्तिदेच्या वस्तीवर पडले होते आणि सत्तर माणसं घराखाली गाडली गेली होती. तळघरांत लपलेली, डोंगरांतल्या एकट्या घरांत आसरा घेतलेली कुटुंबं वाट बघत होती की आधी कोण येतं. जुलैच्या पहिल्या आठवड्यात उंबेर्तिदे आणि मग मोंतोने जर्मनांच्या हातून सुटलं. ब्राच्चोच्या गावावर जवळजवळ पाचशे वर्षांनी पुन्हा बाहेरची फौज चढली होती. पण लढाई गावापाशी थांबणार नव्हती. पुढची प्रत्येक टेकडी अजून घ्यायची होती.

१० जुलैला ३/५ मराठाची एक कंपनी अशाच एका मजबूत ठाण्यावर चालून गेली. घाडगे एका रायफल सेक्शनचे म्होरके होते. सेक्शन म्हणजे सात-आठ-दहा माणसं, एका गावच्या कबड्डीच्या संघाएवढी. ती चढत असताना अगदी जवळून मशीनगन सुरू झाली. सेक्शनमधला प्रत्येक जण पडला, कोणी ठार, कोणी जखमी. उभे राहिले एकटे घाडगे.

इथे जरा थांबून त्या क्षणाकडे बघायला हवं, कारण व्हिक्टोरिया क्रॉसच्या मानपत्रात तो एका वाक्यात उरकला जातो. मशीनगनच्या समोर एकटा उरलेला माणूस जमिनीला चिकटून पडू शकत होता, मागून कंपनी येईपर्यंत थांबू शकत होता, आणि त्याला कोणीही बोल लावला नसता. युद्धाच्या नियमांप्रमाणेही ते शहाणपणाचंच ठरलं असतं. बरोबर यायला कोणी उरलेलं नाही हे त्यांना पुरतं माहीत होतं, असं मानपत्रात स्पष्ट नोंदलंय. तरी ते धावले. हातबॉम्ब फेकून तो नेमका पडायचा तर आधी बंदुकीच्या तोंडासमोर काही पावलांवर पोहोचावं लागतं. ते पोहोचले, बॉम्ब टाकला. मशीनगन आणि ती चालवणारा दोन्ही निकामी झाले. मग टॉमी गनने आणखी एकाला टिपलं. अजून दोघं उरले होते आणि मॅगझिन संपलं होतं. ते बदलायला दोन-तीन सेकंद लागतात. तेवढा वेळ नव्हता. टॉमी गन जवळजवळ पाच किलोचं धूड. घाडगेंनी ती नळीकडून धरली, नुकतीच झाडलेली तापती नळी, आणि दस्त्याने त्या दोघांना जागीच संपवलं. ठाणं त्यांच्या हातात आलं. त्याच ठाण्यात, आजूबाजूला दडलेल्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत आणि पाठीत लागून ते पडले. वय बावीस.

छातीत आणि पाठीत. दोन्हीकडून गोळ्या आल्या याचा अर्थ ते एकटे किती आत शिरले होते ते कळतं. त्या उंचवट्यावर चहूबाजूंना शत्रूच होता.

मोंतोनेच्या चौकात ब्राच्चोचं नाव वाचून आलेल्याला इथे तुलना सुचल्याशिवाय राहत नाही. दोघंही पगारी शिपाई, दोघांनाही घरची तंगी रणांगणाकडे घेऊन गेली. पण ब्राच्चोच्या प्रत्येक लढाईत त्याला मिळवायचं काही होतं: गमावलेली जहागीर, पेरुजा, रोम, नेपल्सच्या राज्याचा एखादा तुकडा. घाडगेंना त्या टेकडीवर मिळवायचं काहीच नव्हतं. तो देश त्यांचा नव्हता, ज्या सरकारसाठी ते लढत होते तेही त्यांचं नव्हतं. त्या सरकारने त्याच काळात गांधी-नेहरूंसह हजारोंना तुरुंगात टाकलं होतं किंवा नुकतंच सोडलं होतं. म्हणून काही जण अशा शौर्याकडे संकोचाने बघतात. मला तो संकोच पटत नाही. त्या दिवशी समोर जी बंदूक होती ती नाझी सत्तेची होती आणि खाली तळघरांत बसलेली माणसं त्या सत्तेच्या जाचातून सुटायची वाट बघत होती. शिवाय घाडगे ज्यांच्यासाठी धावले ती त्यांच्या मागे पडलेली त्यांचीच माणसं होती, जखमी, त्याच मशीनगनच्या टप्प्यात. ती बंदूक चालू राहिली असती तर त्यांच्यातलं कोणी उरलं नसतं.

व्हिक्टोरिया क्रॉस नोव्हेंबर १९४४ मध्ये जाहीर झाला. त्यांची समाधी नाही. कासिनोच्या स्मारकावर, ज्यांची कबर नाही अशा हजारोंमध्ये त्यांचं नाव कोरलंय. पलटण पुढे सरकत राहिली आणि २२ जुलैला चित्ता दि कास्तेल्लो पडलं. पुढच्या वर्षी ९ एप्रिलला सेनिओ नदीवर मराठा लाइट इन्फंट्रीच्याच पहिल्या पलटणीतले, अहमदनगर जिल्ह्यातले नामदेव जाधव यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला; ते जिवंत घरी परतले. इटलीच्या मोहिमेत पन्नास हजारांहून जास्त भारतीय सैनिक होते, त्यातले ५,७८२ तिथेच राहिले. वीस व्हिक्टोरिया क्रॉसपैकी सहा भारतीय फौजेतल्या माणसांचे, आणि त्या सहांपैकी दोन मराठ्यांचे. स्वातंत्र्यानंतर ३/५ मराठा हवाई छत्रीधारी झाली. आज ती २ पॅरा म्हणून ओळखली जाते.

माणगावात घाडगेंचा पुतळा आहे. मोंतोनेत मात्र जवळजवळ ऐंशी वर्षं त्यांच्या नावाचं काही नव्हतं. जुलै २०२३ मध्ये तिथल्या नगरपालिकेने आणि इटलीतल्या लष्करी इतिहासाच्या अभ्यासकांनी मिळून त्यांचं स्मारक उभारलं. ते पुतळ्याच्या रूपात नाही. छायायंत्र आहे, सूर्याच्या सावलीवरून वेळ सांगणारं. त्यावर लॅटिनमध्ये कोरलंय की आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो. समारंभाला गावकरी आले, इटलीचे आणि भारताचे लष्करी अधिकारी आले. ज्या गावाने कार्लोच्या काट्याची मिरवणूक शतकानुशतकं सांभाळली, त्याने पळसगावच्या पोराला आपल्या गावचा म्हणून सामावून घेतलं, याचं मला फार मोल वाटतं.

पेरुजाहून मोंतोने चाळीसेक किलोमीटर. एक दिवस पुरतो. सकाळी सान ग्रेगोरिओ, मग वेस, चौक, कापोरालीचं निशाण आणि छायायंत्र. दुपारनंतर खाली न उतरता तटाबाहेरून डोंगरसोंडेची पायवाट धरावी. ओक आणि झुडपांच्या जंगलातून ती वर जाते, मध्येच उघड्यावर येते, पुन्हा झाडीत शिरते. पाठीवर थोडं ओझं असू द्यावं आणि शक्यतो महिना जुलैचा असावा. उघड्यावर आल्यावर समोरच्या टेकडीच्या माथ्याकडे बघावं आणि तिथे मशीनगन आहे असं धरून पुढची शंभर पावलं चालावीत.